विष आतड्यातले, उतारा ताटातला

माणसाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ पोटात असते, ही समजूत फार जुनी आहे. घरोघरच्या औषधांत एरंडेलाला आणि त्रिफळा चूर्णाला जो मान होता, तो याच समजुतीपोटी. पुढे पाश्चात्त्य वैद्यकाने ही कल्पना भाबडी ठरवून बाजूला सारली. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील संशोधनाने मात्र तिच्यातील एक अंश, नेमक्या मोजमापासह, पुन्हा विचारार्थ पुढे आणला आहे. मोठ्या आतड्यात वस्ती करून असलेले जीवाणू अन्नाच्या अवशेषांपासून काही अपायकारक द्रव्ये तयार करतात, ही द्रव्ये रक्तात शोषली जातात, आणि हृदय, रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे यांच्या विकारांशी त्यांचा संबंध दिसून येतो, एवढे आता निःशंकपणे म्हणता येते.

शास्त्रात अशी भर पडली, की तिचा लाभ उठवू पाहणारे दोन वर्ग ताबडतोब पुढे सरसावतात. पहिला वर्ग व्यापाऱ्यांचा. शरीरातील विष बाहेर काढून टाकण्याचे आश्वासन देणारी चूर्णे, काढे आणि सात दिवसांचे 'शुद्धी'चे कार्यक्रम यांच्या जाहिरातींना या संशोधनामुळे आयताच आधार सापडतो. दुसरा वर्ग आहारातील सोवळेपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांचा. मांसाहाराने विष वाढते, एवढेच वाक्य उचलून तो दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवू लागतो. या दोघांच्या गलबल्यात मूळ संशोधनाचा साधा निष्कर्ष बाजूलाच राहतो. आतड्यातील अपायकारक द्रव्ये कमी करण्याचा मार्ग पोट खरवडून काढण्यात नाही आणि शाकाहार-मांसाहाराच्या भांडणातही नाही. आतड्यातील जीवाणूंना त्यांचे योग्य खाद्य, म्हणजे धान्य, डाळी आणि भाज्या यांतील चोथा, रोज पुरेसा पुरवणे हाच तो मार्ग आहे. हा चोथा सामान्य माणसाच्या ताटातून का नाहीसा झाला, हा प्रश्न केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचा नसून सार्वजनिक आहे.

विष तयार होते कसे?

या द्रव्यांची घडण समजली, म्हणजे उपायाची दिशाही आपोआप समजते. खाल्लेल्या अन्नातील बहुतेक पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यातच पचून शोषले जातात. जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात उतरते. तेथे कोट्यवधी जीवाणू त्याची वाटच पाहत असतात. त्यांची पहिली पसंती तंतूंना आणि न पचलेल्या पिष्टाला असते. ते आंबवून जीवाणू ब्युटिरेटसारखी सौम्य आम्ले तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींचे तेच मुख्य इंधन होय. परंतु हे खाद्य अपुरे पडले, किंवा आतड्याच्या पहिल्या भागातच संपून गेले, की पुढच्या भागातील जीवाणू उरल्यासुरल्या प्रथिनांकडे वळतात. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून इंडोल आणि टायरोसीनपासून पॅरा-क्रेसॉल बनते. रक्तावाटे ती यकृतात पोचतात, तेथे त्यांचे इंडॉक्झिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट होते, आणि निरोगी मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही द्रव्ये बाहेरून शिरलेले विष नव्हेत. ती निरोगी माणसाच्या शरीरातही रोज तयार होतात. इंडोल हे नावच मुळी निळीवरून पडलेले आहे, आणि लघवीतील इंडिकन ओळखण्याच्या जुन्या परीक्षेत नळीत खरोखरच निळा रंग उमटत असे. प्रश्न असतो तो प्रमाणाचा आणि निचऱ्याचा. आतड्यात उत्पादन वाढले अथवा मूत्रपिंडांची शक्ती घटली, की रक्तातील पातळी चढत जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, तर परिणाम अधिकच गंभीर होतो.

जुन्या चुकीचा धडा

या विषयात उतावीळपणाचे दुष्परिणाम काय होतात, हे इतिहासाने एकदा दाखवून दिले आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांना रोगप्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या आतड्यात अन्न सडून तयार होणारी विषे माणसाला अकाली वृद्ध करतात, असे त्यांचे मत होते. त्यावर त्यांनी आंबवलेल्या दुधाचा उपाय सांगितला आणि युरोपभर विरजणाचे वेड पसरले. लंडनचे नामांकित शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन हे त्यांच्याही पुढे गेले. मलावरोध हेच असंख्य रोगांचे कारण मानून त्यांनी रुग्णांची मोठी आतडी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यास सुरुवात केली. पुढे १९१९ साली अमेरिकन वैद्य वॉल्टर अल्व्हारेझ यांनी एक साधा प्रश्न विचारला. मलावरोधाने होणारी डोकेदुखी आणि बेचैनी शौचास होताच क्षणार्धात थांबते. रक्तात मुरलेले विष इतक्या तत्काळ कसे नाहीसे होईल? या युक्तिवादापुढे 'आत्मविषबाधे'ची उपपत्ती कोसळली आणि पुढची अनेक दशके हा विषयच चेष्टेचा होऊन बसला.

विशेष म्हणजे खुद्द लेन यांनीही उत्तरायुष्यात शस्त्र बाजूला ठेवून कोंड्यासह धान्य, फळे आणि भाज्या यांचा प्रचार आरंभिला. कल्पना अगदीच खोटी नव्हती. तिच्यावर शोधलेला उपाय अघोरी होता आणि तिच्या नावावर सांगितलेल्या व्याधींची यादी अवास्तव होती. आज बाजारात मिळणाऱ्या 'आतडे-शुद्धी'च्या औषधांची जात हीच आहे. जुलाब झाल्याने पोट रिकामे होते, जीवाणूंचा स्वभाव बदलत नाही. दुसऱ्या दिवशी ताटात तेच अन्न आले, की आतड्यातले काम पूर्ववत सुरू होते.

हृदयविकाराचा धागा

आधुनिक संशोधनाला गती मिळाली ती २०११ साली. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन आणि त्यांचे सहकारी यांनी ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, म्हणजेच टीएमएओ, या द्रव्याकडे लक्ष वेधले. अंडी, यकृत आणि मांस यांतील कोलीन आणि तांबड्या मांसातील कार्निटीन यांपासून आतड्यातील जीवाणू एक वायू बनवतात आणि यकृत त्याचे टीएमएओ करते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झालेल्या ४,००७ रुग्णांची तीन वर्षे नोंद ठेवली होती. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वांत जास्त होते, त्या चतुर्थांश रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी पातळीच्या चतुर्थांशाच्या सुमारे अडीच पट आढळला. त्याच अभ्यासात निरोगी व्यक्तींना प्रतिजैविके देताच हे द्रव्य रक्तातून जवळजवळ नाहीसे झाले आणि ती थांबवल्यावर पुन्हा दिसू लागले. ही करणी जीवाणूंचीच आहे, याचा तो स्वच्छ पुरावा होता.

२०१९ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. ११३ निरोगी स्त्री-पुरुषांना चार-चार आठवडे आळीपाळीने तांबडे मांस, पांढरे मांस आणि मांसरहित प्रथिने असा आहार देण्यात आला. तांबड्या मांसाच्या महिन्यात टीएमएओची पातळी सरासरी तिपटीने वाढली, आणि ते मांस बंद केल्यावर महिन्याभरात ती पुन्हा खाली आली. आहारातील बदलाचा परिणाम दिसण्यास वर्षे लागत नाहीत, ही आशादायक गोष्ट यावरून स्पष्ट होते.

परंतु येथेच थांबून निवाडा देणे अशास्त्रीय ठरेल. समुद्रातील मासळीत हे द्रव्य मुळातच तयार असते, आणि मासळीच्या जेवणानंतर रक्तातील त्याची पातळी झपाट्याने वर चढते. असे असूनही मत्स्याहार करणाऱ्यांत हृदयविकार अधिक असल्याचे दिसत नाही. मूत्रपिंडे दुर्बळ झाली म्हणजेही हे द्रव्य रक्तात साचते. तेव्हा ते रोगाचे कारण किती आणि रोगाची खूण किती, हा वाद संपलेला नाही. आनुवंशिकतेच्या आधारे केलेल्या काही अभ्यासांनी तर मूत्रपिंडाचा विकार आणि मधुमेह यांमुळेच ते वाढते, या बाजूने कौल दिला आहे. तेव्हा रत्नागिरी-मालवणच्या वा गोव्याच्या घरातील माशाच्या कालवणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. रोजच्या रोज भरपूर तांबडे मांस, आणि तेही भाजी-डाळीच्या सोबतीविना, हा प्रकार मात्र टाळणे शहाणपणाचे.

मूत्रपिंडाच्या रुग्णाची कोंडी

या संपूर्ण प्रश्नाचे खरे गांभीर्य दिसते ते मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत. इंडॉक्झिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट ही द्रव्ये रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात चिकटून राहतात. डायलिसिसच्या पडद्यातून युरिया सहज गळून जातो, ही चिकट द्रव्ये मात्र फारशी निघत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ती साचतच राहतात. ती येतात आतड्यातूनच, हेही २०११ साली सिद्ध झाले. डायलिसिसवरील ज्या रुग्णांची मोठी आतडी पूर्वी काढून टाकलेली होती, त्यांच्या रक्तात ही द्रव्ये जवळजवळ आढळलीच नाहीत.

यावर गोळीचा उपाय शोधला गेला नाही, असे नाही. आतड्यातच ही द्रव्ये शोषून घेणारा एक खास कोळसा जपानमध्ये १९९१पासून औषध म्हणून वापरात आला. त्याने मूत्रपिंडांचा ऱ्हास रोखला जातो का, हे पाहण्यासाठी अनेक देशांत मिळून दोन हजारांहून अधिक रुग्णांवर प्रयोग झाले. त्यांचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो निराशाजनक होता. अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. जेथे शास्त्रशुद्ध रीतीने तपासलेले औषध कमी पडले, तेथे न तपासलेल्या चूर्णांवर विसंबण्यात कोणते शहाणपण आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

उलट आहाराच्या बाजूने मिळालेला पुरावा छोटा असला, तरी एका दिशेने जाणारा आहे. २०१२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी शाकाहारी आणि सर्वाहारी व्यक्तींच्या लघवीची तुलना झाली. शाकाहारी गटात या दोन्ही द्रव्यांचे उत्सर्जन सुमारे साठ टक्क्यांनी कमी होते. २०१४ साली डायलिसिसवरील रुग्णांना सहा आठवडे न पचणारे पिष्ट देण्यात आले, तेव्हा इंडॉक्झिल सल्फेटची मुक्त पातळी घटली. जीवाणूंना आवडीचे खाद्य मिळाले, की ते प्रथिनांच्या वाटेला कमी जातात, हाच याचा अर्थ. अर्थात मूत्रपिंडाच्या रुग्णाने वृत्तपत्रातील लेख वाचून आपला आहार बदलू नये. भाज्या, फळे आणि डाळी यांतील पोटॅशियम दुर्बळ मूत्रपिंडांना झेपत नाही आणि प्रसंगी ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. त्याने काय आणि किती खावे, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनीच ठरवावयाचे आहे.

सरकारने २०१६ साली गरीब रुग्णांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु डायलिसिस केंद्रे वाढणे हे आरोग्याचे नव्हे, रोगाच्या वाढीचे लक्षण आहे. मूत्रपिंडे मोठ्या प्रमाणावर निकामी होतात ती मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे, आणि हे दोन्ही विकार आवरण्यासही चोथ्याचा आहार आणि रोजचे चालणे उपयोगी पडते. एकाच ताटाने तीन शत्रूंना तोंड देता येत असेल, तर त्या ताटाकडे शासनाने आणि समाजाने अधिक गांभीर्याने पाहावयास हवे.

दोन आठवड्यांची अदलाबदल

आहार बदलल्याने आतड्यातील व्यवहार किती लवकर पालटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका येथील आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग बराच आढळतो. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात तो फार विरळ. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिट्सबर्गमधील वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस जण यांच्या जेवणाची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांना भरपूर चोथ्याचा आणि कमी स्निग्धतेचा आफ्रिकी आहार मिळाला. आफ्रिकनांच्या वाट्याला मांस, चरबी आणि मैदा आला. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात हितकर ब्युटिरेट वाढले आणि जीवाणूंनी पित्तापासून बनवलेली, कर्करोगाशी संबंध जोडली जाणारी आम्ले घटली. आतड्याच्या अस्तराचा दाहही कमी झाला. आफ्रिकनांत नेमके याच्या उलट घडले. वंश तोच, जीवाणूंची वसाहत तीच, परंतु खाद्य बदलताच तिचे वर्तन बदलले.

भाकरीची प्रतिष्ठा

हा प्रयोग महाराष्ट्राने आपल्यापुरता, नकळत आणि उलट्या दिशेने, गेली पन्नास वर्षे चालवला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्वारी हे या भूमीचे धान्य. सोलापूर, मंगळवेढा, मराठवाडा या भागांत भाकरी हेच जेवण आणि बाकी सारे तोंडीलावणे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोने ज्वारीच्या नावाला गरिबीचा डाग लावला. हाती पैसा येताच माणसे गव्हाकडे, पांढऱ्या भाताकडे आणि पुढे मैद्याकडे वळली. पाव, बिस्किटे, खारी, नूडल्स हे सोयीचे खाणे झाले, आणि भाकरी थापणारे हातही घरोघर कमी होत गेले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांवरून या बदलाची किंमत कळते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. बाजरी, नाचणी आणि कोंड्यासह दळलेली कणीक यांत ते सुमारे ११ ग्रॅम भरतात. मैदा आणि सडलेला पांढरा तांदूळ यांत मात्र तीन ग्रॅमही नाहीत. अख्ख्या हरभऱ्यात ते पंचवीस ग्रॅमच्या घरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढ व्यक्तीस दररोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे यांची शिफारस केली. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव आणि रात्री डाळीचे पाणी घातलेला पांढरा भात एवढ्यावर दिवस काढणाऱ्या कारकुनाला ही पातळी गाठणे अशक्य आहे. तो कदाचित कडक शाकाहारी असेल. परंतु त्याच्या आतड्यातील जीवाणू उपाशीच राहतात. दोन भाकरी, वाटीभर उसळ, एक पालेभाजी आणि काकडी वा गाजराची कोशिंबीर असे ताट असेल, तर त्यावर मासळीचा तुकडा आहे की नाही, याने फारसा फरक पडत नाही.

शिळी भाकरी आणि गार भात यांच्याकडेही या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. शिजवलेले पिष्ट थंड झाले, की त्याचा काही भाग सहज न पचणारा होतो आणि मोठ्या आतड्यातील जीवाणूंपर्यंत पोचतो. अट एवढीच, की शिजलेला भात तासन्‌तास उकाड्यात उघडा न ठेवता लवकर गार करून थंड जागी ठेवला पाहिजे. अन्यथा त्यात दुसरेच जंतू वाढून विषबाधा होऊ शकते. ताक आणि दही यांचे स्थान जेवणात अवश्य असावे, परंतु मेचनिकॉफ यांच्याप्रमाणे त्यांवर सारा भार टाकू नये. ताकासोबत भाकरी आहे की पाव, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

महाविद्यालयीन तरुणांसाठी एक स्वतंत्र इशारा आवश्यक आहे. व्यायामशाळांतून प्रथिनांच्या डब्यांचे आणि कार्निटीनच्या गोळ्यांचे जे वेड पसरले आहे, ते या संशोधनाच्या प्रकाशात तपासून पाहिले पाहिजे. पचनाच्या शक्तीबाहेर घेतलेले प्रथिन स्नायूंत न जाता मोठ्या आतड्यात उतरते आणि जीवाणूंच्या हाती कच्चा माल म्हणून पडते. कार्निटीनपासून तर टीएमएओ थेटच बनते. व्यायाम उत्तम, त्याला लागणारे प्रथिन डाळी, दूध, अंडी यांतून घ्यावे, आणि त्याच्यासोबत चोथाही घ्यावा.

वेळ आणि जागा

या विषयाचे एक अंग असे आहे, की ज्याबद्दल सभ्य समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही. अन्नाचे अवशेष आतड्यात जितके अधिक काळ रेंगाळतात, तितके तंतू लवकर संपून प्रथिने कुजण्यास वाव मिळतो. अमेरिकेतील सिअॅटल येथील संशोधकांनी २०२४ साली चौदाशेंहून अधिक निरोगी प्रौढांची माहिती तपासली. ज्यांना शौचास क्वचित होत असे, त्यांच्या रक्तात इंडॉक्झिल सल्फेटसारखी द्रव्ये अधिक आढळली. दिवसातून एक वा दोन वेळा नियमित शौचास होणे हेच हितकर, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुरेसे पाणी, चालणे-फिरणे आणि निवांत वेळ या नियमितपणाला लागतात.

परंतु पहाटेची लोकल पकडणाऱ्या नोकरदाराला निवांत वेळ मिळणार कोठून? आणि ज्या शाळेत वा कचेरीत स्वच्छतागृहच धड नाही, तेथील शिक्षिकेने पाणी प्यावे कसे? दिवसभर पाणी टाळून आणि वेग आवरून काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या लहान नाही. मुंबईत २०११पासून स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी चळवळ करावी लागली, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१२ साली सर्व शाळांत स्वच्छतागृहे बांधण्याचा आदेश द्यावा लागला. आरोग्याचे उपदेश करणाऱ्यांनी या वस्तुस्थितीकडे पाठ फिरवू नये. पाणी भरपूर प्या, असे सांगणाऱ्या फलकाशेजारी स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह असेल, तरच त्या फलकाला अर्थ आहे.

मुलांच्या ताटातील अंडे

शेवटी एका गैरवापराबद्दल सावध राहिले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी देणे बंद केले आणि ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकसहभागातून ती द्यावीत, असे सुचवले. अशा वेळी 'अंड्यातील कोलीनपासून विष बनते' हे वाक्य कोणाच्याही तोंडी सहज येऊ शकते. ते शास्त्राचा विपर्यास करणारे ठरेल. कोलीन हे शरीराला, विशेषतः वाढत्या मुलाच्या मेंदूला, अत्यावश्यक असलेले द्रव्य आहे. टीएमएओवरील सारी चिंता प्रौढ, बहुधा आधीच आजारी असलेल्या माणसांच्या निरीक्षणातून आलेली आहे. आठवड्याला एका अंड्याने कुपोषित मुलाचे हृदय बिघडेल, असे कोणत्याही संशोधनाने म्हटलेले नाही. ज्याला अधिक झाले आहे त्याच्यासाठीचे पथ्य, ज्याला कमी पडते आहे त्याच्यावर लादणे, हा अन्याय होय.

शासनाला करण्यासारखे खूप आहे, आणि त्यातले बरेचसे कमी खर्चाचे आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गहू यांच्या जोडीला भरड धान्याचाही उल्लेख आहे. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्षही साजरे झाले. वर्ष संपले म्हणून विषय संपू नये. ज्या जिल्ह्यात ज्वारी वा नाचणी पिकते, तेथील रेशन दुकानांत ती नियमित मिळावी, शेतकऱ्याला तिचा परवडणारा भाव मिळावा, शालेय आहारात उसळी आणि भाकरी यांना स्थान असावे, आणि सरकारी उपाहारगृहांत वडा-सामोशाइतक्याच सहजतेने भाकरी-झुणका आणि मोड आलेली मटकी मिळावी. पाकिटावर 'पौष्टिक' असे ठळक छापणाऱ्या कंपन्यांनी तंतूंचा आकडाही तितक्याच ठळकपणे छापावा, अशी सक्ती करता येईल.

व्यक्तीने करावयाच्या गोष्टी त्याहूनही साध्या आहेत. दिवसातले एक तरी जेवण भाकरीचे किंवा कोंड्याच्या पोळीचे असावे, एक वाटी उसळ आणि एक भाजी चुकू नये, तांबडे मांस रोज नसावे, जेवणानंतर थोडे चालावे, आणि सकाळच्या घाईतून पंधरा मिनिटे शरीरासाठी काढावीत. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी मूत्रपिंडांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. हा बदल टप्प्याटप्प्याने करावा. एकदम चोथा वाढवला, तर पोट फुगते आणि माणूस चार दिवसांत कंटाळतो. आतड्यातील जीवाणूंचे वर्तन महिन्याभरात सुधारू शकते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. आणि त्यासाठी लागणारे ज्वारी, हरभरा, मटकी, पालेभाजी हे सारे जिन्नस आठवड्याच्या बाजारात आजही मिळतात.